तिला जागा द्या

१

दुकान उघडलं की मी सगळ्यात आधी अक्षरांच्या पेटीचा दिवा लावते. भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी, वरच्या ओळीत एकच ढब्बू अक्षर आणि खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. ती उजळली की माझं चष्म्याचं दुकान जागं झालं. मग फ्रेमा पुसायच्या, काचा घासायच्या यंत्रात पाणी भरायचं आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत जुने फोटो काढून बसायचं.

मी आमच्या गावाचे जुने फोटो जमवते. नुसते जमवून थांबत नाही. फोटो काढणारा जिथे उभा होता तिथे जाऊन उभी राहते आणि तोच फोटो पुन्हा काढते. जुन्या फोटोत एखाद्या मनोऱ्याची कड समोरच्या खिडकीला नेमकी जिथे शिवते, तिथेच ती शिवेपर्यंत मागेपुढे सरकत राहायचं. कधी कधी ती जागा भर रस्त्यात येते. नवरा म्हणतो, "लोकांच्या बायका दागिने मागतात, माझी ट्रक अडवते."

हे खूळ माहेरचंच असावं. आमच्या माहेरी घरामागे छोटं अंगण आहे आणि अंगणाला एक पांढरी भिंत. घरातला प्रत्येक फोटो त्या भिंतीपुढे, सकाळच्या उन्हात निघतो. सगळे ओळीने उभे राहिले की कोणीतरी म्हणतंच, "सरका, तिला जागा द्या." मग सगळे थोडे थोडे सरकतात आणि ओळीत एका माणसाएवढी फट पडते. ती म्हणजे कोण, हे घरात कोणालाच माहीत नाही. माझ्या लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो मागे वळून बघायला लागला होता आणि सगळे पोट धरून हसले होते.

माझं यावर एक उत्तर तयार होतं. पूर्वी घरातलं कोणी परगावी असलं तर फोटोवाला ओळीत जागा सोडायला सांगायचा आणि नंतर त्या माणसाचा वेगळा फोटो तिथे चिकटवायचा. कधीतरी कोणाची तरी वाट बघून जागा सोडली असेल, चिकटवायचं राहून गेलं असेल आणि सवय मात्र मागे उरली असेल. हे मी सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की मी तोंड उघडलं की दादा घड्याळ बघायचा.

मागच्या महिन्यात दादा आणि वहिनी परदेशी मुलाकडे निघायच्या तयारीला लागले होते. तिकिटं आली होती, परत कधी येणार ते ठरलेलं नव्हतं. जायच्या आधी एक फोटो हवा म्हणून मी माझी नवीन लेन्स घेऊन गेले. दादा, वहिनी, धाकटे काका, माझी मुलगी, मी आणि नवरा, अशी ओळ ठरली. नव्या लेन्समध्ये एवढी ओळ बसेना, आणि मागे पाण्याची टाकी असल्यामुळे मला आणखी मागे जाता येईना. काका आणि माझी मुलगी यांच्यामध्ये फट होती. मी म्हटलं, "जवळ या, जवळ या."

काका म्हणाले, "अगं, तिची जागा?"

"तिला पुढच्या वेळी देऊ काका. आज फ्रेममध्ये बसत नाहीये ती."

सगळे हसले. मी टायमर लावला, धावत जाऊन ओळीत उभी राहिले आणि फोटो निघाला. काका तेवढे हसले नव्हते, पण काकांकडे लक्ष देण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

२

माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. चालताना दारं आपटते, बोलताना हात नाचवते, आणि ती घरात आहे की नाही हे विचारावं लागत नाही. निदान तोवर लागलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने चहा केला आणि दोनच कप आणले. भिंगरी समोर बसली होती. "बाबा, मी उपवास धरलाय का?" ती म्हणाली. नवरा ओशाळला, आत जाऊन तिसरा कप घेऊन आला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग ती सांगायला लागली की बस तिच्यासाठी थांबत नाही. थांब्यावर एकटी असली तर सरळ निघून जाते. वर्गात हजेरी घेताना तिचा क्रमांक गळतो, ती उभी राहून सांगते, मास्तर माफी मागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गळतो. मैत्रिणींनी सिनेमाची तिकिटं काढली, त्यात एक कमी निघालं. हे सगळं ती हसून सांगायची. नंतर ती कमी सांगायला लागली.

मी म्हटलं, वय आहे, रुसवेफुगवे असतील. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं.

मग एका दुपारी ती माझ्याबरोबर दुकानात होती. काचा घासायच्या यंत्रापाशी, आतल्या बाजूला, अभ्यास करत बसली होती. मला बँकेत जायचं होतं. मी पेटीचा दिवा घालवला, पर्स घेतली, बाहेर येऊन शटर ओढलं, कुलूप लावलं आणि चालू लागले. कोपऱ्यावर पोचले तेव्हा फोन वाजला.

"आई," भिंगरी म्हणाली, "मी आत आहे."

मी पळत परत आले. शटर वर केलं तेव्हा ती दाराशीच उभी होती. रडत नव्हती. ती म्हणाली, "तू दिवा घालवताना मी तुला म्हटलं, आई थांब. तू माझ्याकडे बघितलंस. मग तू दिवा घालवलास." मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, आणि तिला धरून उभी असताना माझ्या मनात आलं की कुलूप तर लावलं, आता बँक बंद व्हायच्या आत पोचायला हवं. माझ्या मिठीत माझी मुलगी होती आणि मी ती नसल्यासारखा विचार करत होते.

३

त्याच सुमारास जुन्या बाजारातला फोटो स्टुडिओ कायमचा बंद झाला. स्टुडिओवाल्यांची सून माझी गिऱ्हाईक, तिला माझं खूळ माहीत. तिने काचेच्या जुन्या निगेटिव्हचं एक खोकं दुकानात आणून ठेवलं. "भंगारवाला काच म्हणून नेणार होता," ती म्हणाली. "तुम्ही बघा तरी."

एरवी असं खोकं आलं असतं तर मी दोन दिवस जेवले नसते. आता मी ते मन रमवायला उघडलं. भिंगरी माझ्यासमोर बसलेली हवी, असा मी नियम केला होता. दर थोड्या वेळाने मान वर करून मी तिच्याकडे बघायचे.

काचेची निगेटिव्ह बघायला मागून उजेड लागतो. मी अक्षरांच्या पेटीवरचा तक्ता काढला आणि एकेक काच दिव्यापुढे धरत गेले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. माणसांचे चेहरे काळे, केस पांढरे, आकाश डांबरासारखं. बाजार, पूल, शाळेचा वर्ग असं करत मधल्याच एका काचेत मला आमचं अंगण दिसलं.

भिंतीतल्या कोनाड्यावरून मी ते ओळखलं. टाकी अजून बांधलेली नव्हती. पणजोबांच्या वेळची माणसं ओळीने उभी होती आणि ओळीत एका माणसाएवढी फट होती. मला आनंदच झाला. आमचं वाक्य एवढं जुनं होतं तर.

मग मी तपासणीचं भिंग डोळ्याला लावलं.

निगेटिव्हमध्ये पांढरी भिंत काळी झाली होती आणि तिच्यावर पडलेल्या सावल्या पांढऱ्या दिसत होत्या. ऊन उजवीकडून येत होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या डाव्या खांद्यामागे त्याची पांढरी सावली होती. सवयीने मी डोकी मोजली आणि सावल्या मोजल्या. सावल्या एकने जास्त होत्या. फटीमध्ये, खाली, कमरेएवढ्या उंचीवर एक छोटी पांढरी सावली होती. लहान मुलाची. बाकीच्यांसारखीच स्पष्ट, कडा धारदार. तिच्यापुढे जमिनीवर कोणीही नव्हतं.

मूल हललं असेल, हे पहिलं उत्तर. पूर्वी फोटोला वेळ लागायचा, हललेलं माणूस पुसट व्हायचं. पण मग सावलीही पुसट व्हायला हवी. मी काच उलटीसुलटी केली, दिव्याजवळ नेली, लांब नेली. सावलीचं डोकं किंचित वर होतं, मोठ्या माणसांकडे मूल बघतं तसं. मला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. मोठ्या माणसांच्या ओळीत मुलाला जागा करून दिलेली होती, आणि ते मूल त्या जागेत शहाण्यासारखं उभं होतं.

"आई, काय दिसलं?" भिंगरीने विचारलं.

मी दचकले. ती समोर आहे हे मी विसरले होते.

४

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे जाऊन सगळे अल्बम उतरवून घेतले. दादा बॅगा भरत होता. "आता कुठलं संशोधन?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू आपले मोजे मोज."

एकामागून एक फोटो मी जमिनीवर मांडले. प्रत्येकात तीच भिंत, तेच ऊन आणि ओळीतली फट. आणि प्रत्येक फटीत एक सावली. आजवर ती आम्हाला दिसली नव्हती याचं नवल नाही. शेजारच्या माणसाची असेल असं वाटून नजर पुढे सरकते. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याच घरच्या फोटोतल्या सावल्या कोण मोजतं?

ती सावली वाढत गेली होती. आजोबांच्या लहानपणीच्या फोटोत ती शेजारणीच्या खांद्याला लागत होती. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत ती पूर्ण उंचीची होती, आणि केसांचा काहीतरी अंबाडा असावा असा डोक्यामागे उंचवटा होता. माझ्या बाबांच्या लग्नात ती रुंद झाली होती. माझ्या लग्नात तिचे खांदे पुढे आले होते. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत ती वाकली होती आणि तिच्या हाताखाली एक सरळ रेघ होती. काठी.

चार पिढ्या आमच्या घरात कोणीतरी लहानाचं मोठं झालं होतं, म्हातारं झालं होतं, आणि आम्ही त्याची थट्टा करत का होईना, त्याला दर वेळी जागा देत आलो होतो. मला हात जोडावेसे वाटले. नेमके कोणापुढे ते कळेना म्हणून राहिले.

मग मला फट नसलेला एक फोटो सापडला.

बाबांच्या लग्नानंतर लगेचचा तो फोटो. बाहेरून फोटोवाला बोलावला होता, त्याला आमची रीत माहीत नसणार. सगळे चिकटून उभे. ओळीच्या टोकाला धाकटे काका, मिसरूड फुटलेले, मोठ्या ऐटीत. मी डोकी मोजली आणि सावल्या मोजल्या. बरोबर भरल्या. पण त्यातली एक अंबाडा असलेली होती.

आणि ती काकांच्या मागे पडली होती. काकांची स्वतःची कुठेच नव्हती.

आमच्या काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे घरातली जुनी थट्टा. त्यांची खुर्ची कायम कमी पडते. पंगत असो, गाडी असो, नाटकाची तिकिटं असोत, सगळे बसले की काका उभे दिसतात, आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, काका राहिले की." वाईट हेतू कोणाचाच नसतो. शेवटी काकांनी घडीचं एक स्टूल घेतलं, लाकडी पाय आणि वर जाड कापड. जातील तिथे ते काखेत मारून नेतात. आम्ही मुलं त्यांना 'स्टूलकाका' म्हणायचो. त्यांचं लग्न झालं नाही. नंतरच्या प्रत्येक फोटोत ते होते, आणि नंतरच्या एकाही फोटोत त्यांची सावली नव्हती.

मी पर्समधून फोन काढला आणि मागच्या महिन्यातला फोटो उघडला. बोटांनी मोठा करत एकेकाच्या मागे बघत गेले. दादाची सावली होती. वहिनीची होती. काकांमागे कोरी भिंत. माझी होती, नवऱ्याची होती.

भिंगरी मध्ये उभी होती, नेहमीसारखी दात काढून. तिच्या खांद्यामागे जी सावली पडली होती ती वाकलेली होती.

५

काका वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांची खोली म्हणजे पारडी, स्प्रिंगा आणि तेलाचा वास. मी भिंगरीचा हात धरूनच गेले, रस्ताभर सोडला नाही. दार उघडल्यावर काकांनी आधी तिच्याकडे बघितलं.

"ये गं," ते तिला म्हणाले. "बस." आणि आपलं स्टूल उघडून तिच्यासाठी ठेवलं.

कितीतरी दिवसांत कोणी तिला बस म्हटलं नव्हतं. भिंगरी स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं. मी सगळे फोटो त्यांच्या बाकावर मांडले. काकांनी ते शांतपणे बघितले, चष्मा वर-खाली करत. चष्मा मीच बनवलेला, आणि तोही दोन वेळा द्यायचा विसरून.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सावल्यांचं नव्हतं माहीत. बाकीचं मी जगलोच आहे की." ते भिंगरीला म्हणाले, "उठ, त्या काट्यावर उभी राहा." ती धान्याच्या मोठ्या काट्यावर उभी राहिली. काटा सरसर फिरला आणि थांबला. "बघ. वजन बरोबर आहे. मीही कधी कधी उभा राहून बघतो. मला शंका आली की."

"पण मग लोकांना का दिसत नाही मी?"

"दिसतेस गं. त्यांच्या मनात जागा धरून राहत नाहीस. लोक वाईट नसतात. माझं लग्न ठरलं होतं, माहितीये? मुलीकडचे पुढचं बोलायला यायचे होते त्या दिवशी ते आलेच नाहीत. विसरले. आठवण करून द्यायला गेलो तर त्यांनी मला काटा दुरुस्त करायला दिला." ते हसले. "दिला दुरुस्त करून. काय करणार."

मला हसू आलं नाही. माझी मुलगी आणखी पन्नास वर्षांनी काखेत स्टूल घेऊन लोकांच्या दारात उभी आहे, हे मला समोर दिसलं. त्याहून भयंकर म्हणजे तेव्हा मी कुठे असेन आणि मला ती आठवेल का.

"काका, यावर काही उपाय?"

त्यांनी तो जुना, फट नसलेला फोटो हातात घेतला. "आईला, म्हणजे तुझ्या आजीला, वाटायचं की तोच फोटो पुन्हा काढायचा. तीच माणसं, तीच ओळ, तसंच ऊन, फक्त जागा सोडून. तिने ठरवलंही होतं. पण तोवर आजोबा गेले. मग तीच ओळ होणार कशी? खरं खोटं मला ठाऊक नाही. काढून बघितलाच नाही ना."

तोच फोटो पुन्हा काढायचा. आयुष्यभर मी दुसरं केलं होतं काय?

"आपली सगळी माणसं आहेत," मी म्हटलं. "दादा परवा जातोय."

"मग उद्याच काढू," काका म्हणाले.

६

सकाळी मी सगळ्यांच्या आधी अंगणात पोचले. कोनाड्याची कड, टाकीचा कोपरा, कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या मातीत उरलेल्या खुणा, सगळं जुळवलं. या वेळी जुनी, रुंद लेन्स आणली होती. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. मागच्या फोटोत ते कोनाड्याच्या तळाला शिवलं होतं. तिथे पोचेपर्यंत थांबायचं होतं.

"तोच फोटो पुन्हा?" दादा म्हणाला. "बॅगा बांधायच्यात मला."

"मागच्यात तुझं पोट आलंय."

तो मुकाट्याने उभा राहिला. वहिनी, मग काका. मी भिंगरीला हाताला धरून तिच्या जागी उभं केलं. तिचे हात गार होते. तिच्या शेजारी माझी जागा आणि शेवटी नवरा.

"सरका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. एरवी हे आम्ही हसत म्हणायचो. "तिला जागा द्या."

काका सरकले, भिंगरी सरकली. मध्ये फट पडली. तिच्यामागे भिंत उन्हाने लख्ख होती. ऊन कोनाड्याच्या तळाशी आलं. मी टायमर लावला, कॅमेरा टकटक करायला लागला आणि मी धावत ओळीत आले.

तेवढ्यात काकांनी काखेतलं स्टूल काढलं. घाई नाही, गडबड नाही. त्यांनी ते उघडलं, कापड हाताने झटकलं आणि फटीत ठेवलं.

"काका, हे काय आता?" दादा दातांतल्या दातांत म्हणाला.

"उभी राहून राहून दमली असेल," काका म्हणाले.

कॅमेऱ्याची टकटक जलद झाली. सगळ्यांनी समोर बघितलं. मी बघू शकले नाही. भिंगरीच्या पलीकडून मला स्टुलाचं कापड दिसत होतं, ताठ ताणलेलं. एक काठी कुठेतरी टेकावी तसा मातीत बारीक आवाज आला. मग कापड मधोमध हळूहळू खाली गेलं. लाकडी पाय कुरकुरले, मातीत जरासे रुतले आणि स्थिर झाले. कोणीतरी खूप जपून, गुडघ्यांना सांभाळत बसावं तसं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. चार पिढ्या आम्ही तिला जागा दिली होती. बस असं मात्र एकानेही म्हटलं नव्हतं.

फोटो निघाला.

७

कॅमेऱ्याच्या छोट्याशा पडद्यावर मी तो उघडला. सगळे समोर बघत होते, मी एकटी बाजूला तोंड करून. भिंगरीच्या डाव्या खांद्यामागे भिंतीवर एक सावली होती. बारीक, ताठ, एक हात कमरेवर. भिंगरीची. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. फटीत खाली बसलेला एक काळा आकार होता आणि तो कॅमेऱ्याकडे वळलेला नव्हता. त्याची मान काकांच्या बाजूला वर झाली होती. काकांमागच्या भिंतीवर काय होतं ते बघायला मी पडदा डोळ्यांजवळ नेला, तर ऊन सरकून पडद्यावर आलं आणि मला नीट दिसलं नाही. सावलीत जाऊन बघता आलं असतं. मी कॅमेरा बंद केला.

आतून वहिनीने हाक मारली, "चला, पानं वाढलीयेत. भिंगरे, तुझ्या बापाला सांग पाणी घ्यायला."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मग दार आपटून आत पळाली. किती दिवसांनी दार आपटलं होतं.

आम्ही जेवायला बसलो. काका सवयीने दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, सगळ्यांचं बसून होईपर्यंत. स्टूल नव्हतं म्हणून त्यांचे हात मोकळे होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"काका, उभे काय?" दादा ताटात बघतच म्हणाला. "तुमची खुर्ची रिकामी आहे की."

खरंच होती. टेबलाच्या कडेला, वाढलेल्या ताटासमोर. वहिनीने मांडली होती, मुद्दाम म्हणून नाही, इतरांच्या मांडल्या तशीच. काका पुढे आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ती जराशी दाबून बघितली, काटा तपासतात तशी. मग बसले. माझ्याशिवाय कोणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

भिंगरीच्या लक्षात आलं. "काका, तुमचं स्टूल बाहेरच राहिलं. आणू?" ती अर्धी उठलीसुद्धा.

काकांनी खिडकीतून अंगणाकडे बघितलं. ऊन आता भिंतीवरून पार उतरलं होतं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आत्ता कुठे बसली आहे ती."